आर्डुइनो आणि रास्पबेरी पाय जोडताना

आमची सोसायटी जुनी, बारा बिऱ्हाडांची. गच्चीवर सिमेंटची टाकी, खाली जमिनीत दुसरी. वरची टाकी भरली की नाही हे बघायला कुणीतरी जिने चढून झाकण उघडायचं, नाहीतर ओव्हरफ्लोचा पाइप वाहायला लागला की कळायचं. टाकीतली पातळी घरातल्या कॉम्प्युटरवर दिसावी म्हणून २०२४च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत मी जे केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी हिशेबाचं काम करते, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नाही. आर्डुइनो आणि रास्पबेरी पाय हे दोन्ही बोर्ड घरात येऊन पडलेत पण पहिली वायर लावायला हात धजावत नाही, अशा सगळ्यांसाठी हे आहे.

दोन बोर्ड कशाला, हे आधी सांगते. रास्पबेरी पाय हा लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर. नोंदी साठवणं, आलेख काढणं, मोबाइलवर दाखवणं ही त्याची कामं. पण त्याला अॅनालॉग इनपुट, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजणारी पिन नाही, आणि लिनक्स एका वेळी दहा उद्योग करत असतं, त्यामुळे मायक्रोसेकंदांत मोजायची गोष्ट तो दर वेळी नेमकी मोजेल याची खात्री देता येत नाही. आर्डुइनो ऊनो हा सेन्सर वाचणारा साधा बोर्ड. तो एकच काम करतो आणि ते वेळच्या वेळी करतो. अल्ट्रासॉनिक सेन्सर टाकीच्या झाकणातून आवाजाचा ठोका पाठवतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, आणि गेल्या-आल्याच्या वेळेवरून अंतर निघतं. एका सेंटिमीटरला साधारण ५८ मायक्रोसेकंद. मोजायचं आर्डुइनोने, सांभाळायचं रास्पबेरीने, अशी वाटणी मी ठरवली.

मला भीती होती ती या दोघांमधल्या वायरची. ऊनो ५ व्होल्टवर चालतो. रास्पबेरीच्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि त्यांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. त्या ४० पिनांतल्या सिग्नलच्या पिना थेट मुख्य चिपला जाऊन भिडतात, मध्ये फ्यूज नाही की बफर नाही. आमच्या शेजारचा मुलगा डिप्लोमा करतो. त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टमधला एक रास्पबेरी आणून दाखवला. बोर्ड चालू होत होता, स्क्रीन येत होती, सगळं ठीक. फक्त एका पिनेला काहीही जोडलं तरी ती शून्यच दाखवायची. मी भिंग घेऊन बघितलं. काळा डाग नाही, वास नाही, काही नाही. "काकू, ही पिन मेलीय, पण बाहेरून कधीच कळणार नाही," तो म्हणाला. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की जी वायर रास्पबेरीला लावायची, ती आधी मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्ट आणि ओम मोजायच्या यंत्रावर बघायची. पुढचे सहा महिने याच एका नियमावर गेले.

मार्चमध्ये म्हणून पहिली खरेदी मल्टिमीटरची. साडेसहाशे रुपयांचा, साधा डिजिटल. सुरुवातीला रिमोटचे सेल मोजले, मग मोबाइलचा चार्जर, मग घरातले जुने अॅडॉप्टर. डीसीची २० व्होल्टची रेंज, काळी वायर ग्राउंडला (म्हणजे शून्य व्होल्टच्या, वजा बाजूला), लाल वायर मोजायच्या जागी. ही सवय अंगात मुरायला वेळ द्या. यात गेलेला वेळ पुढे भरून निघतो.

रास्पबेरीवर मोजताना मात्र मीटरच्या वायरचं धातूचं टोक पिनेला लावू नका. पिना इतक्या जवळ असतात की टोक जरा सरकलं तर दोन पिना एकमेकींना टेकतात. पहिली पिन ३.३ व्होल्टची आणि तिच्या शेजारचीच दुसरी ५ व्होल्टची, म्हणजे सगळ्यात धोक्याची जोडी कोपऱ्यातच आहे. बोर्ड बंद असताना पिनेवर फिमेल जंपर वायर (टोकाला पिन बसण्याची खाच असलेली) चढवायची, मग बोर्ड चालू करायचा आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला मोजायचं. आणखी एक उपाय मला त्या मुलाने सांगितला. जुन्या जंपर वायरची प्लास्टिकची काळी टोपणं कापून घ्यायची आणि ५ व्होल्टच्या पिनांवर, म्हणजे दोन आणि चार नंबरवर, कायमची चढवून ठेवायची. फुकटचा उपाय, पण चुकून तिथे वायर जाण्याचा रस्ताच बंद होतो.

हेही सांगून ठेवते: रास्पबेरी शटडाउन केला म्हणजे पिना थंड झाल्या असं नाही. लिनक्स थांबतं, पण अॅडॉप्टर लागलेला असेपर्यंत ५ व्होल्टच्या पिनांवर ५ व्होल्ट असतातच. वायर हलवायची असेल तर आधी शटडाउन, मग भिंतीतला प्लग काढायचा, आणि मगच हात लावायचा.

एप्रिलमध्ये ऊनो घेतला. मूळ कंपनीचा नाही, त्याच आराखड्याचा दुसरा, ४८० रुपयांना. आणि पहिली जोडणी यूएसबी केबलने केली. बऱ्याच जणांना हा आडमार्ग वाटतो. माझ्या मते हाच सगळ्यांत सुरक्षित रस्ता आहे, आणि दोन्ही बोर्ड एकाच टेबलावर राहणार असतील तर दुसरं काही करायची गरजच नाही. व्होल्टेजची तडजोड ऊनोवरची यूएसबीची चिप सांभाळते, ग्राउंड आपोआप एक होतं, वीजही त्याच केबलने मिळते. तुमचा रास्पबेरी ४ असेल तर अॅडॉप्टर ५ व्होल्ट ३ अँपिअरचा हवा. मोबाइलचा कुठलाही चार्जर लावून चालत नाही, आणि चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरपर्यंतच वीज देतात हेही लक्षात ठेवा.

केबल लावल्यावर मूळ ऊनो 'टीटीवायएसीएम०' या नावाने दिसतो. स्वस्त बोर्डांवर सीएच३४० ही चिप असते, ते 'टीटीवाययूएसबी०' म्हणून दिसतात. नाव वेगळं दिसलं म्हणून बोर्ड खराब आहे असं समजू नका. पोर्ट उघडायला परवानगी नाही असा निरोप आला, तर आपल्या यूजरला 'डायलआउट' गटात घालावं लागतं आणि लॉगआउट करून परत यावं लागतं. शिवाय रास्पबेरीने पोर्ट उघडला की ऊनो रीसेट होतो. प्रोग्राममध्ये दोन सेकंद थांबा, मगच वाचायला सुरुवात करा. टेबलावर बादली ठेवून, तांब्याने पाणी ओतत मी सेन्सरचे आकडे पडद्यावर बदलताना पाहिले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमण्यातलं आहे.

पण टाकी गच्चीवर आणि मी दुसऱ्या मजल्यावर. डक्टमधून केबल आणायची तर २५ मीटर लागणार होती, आणि यूएसबी २ची केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही. त्यामुळे पिनांकडे वळणं भाग होतं.

मे महिना त्यात गेला. ऊनोकडून रास्पबेरीकडे येणारा सिग्नल ५ व्होल्टचा, तो ३.३वर उतरवायचा. सगळ्यात साधी रीत म्हणजे दोन रेझिस्टन्सचा व्होल्टेज डिव्हायडर: ऊनोच्या पिनेपासून १ किलोओम, तिथून ग्राउंडला २ किलोओम, आणि दोघांच्या सांध्यावरून वायर रास्पबेरीला. पाचाचे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३.

मी पुण्यात बुधवार पेठेत गेले. पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्लीत ही दुकानं आहेत. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. काउंटरवर यादी दिली तर दुकानदार म्हणाले, "ताई, दोनचा नाहीये, २.२ देऊ का?" तिथल्या तिथे मोबाइलवर हिशेब केला. वर १ आणि खाली २.२ घातला तर ३.४४ व्होल्ट येतात, म्हणजे मर्यादेच्या वर. मग १ किलोओमचेच दहा घेतले. खाली दोन ओळीने जोडले की २ होतात. दुसरा पर्याय वर २.२ आणि खाली ३.३, त्यात बरोबर ३ व्होल्ट येतात आणि दोन्ही किमती दुकानात सहज मिळतात. दहा रेझिस्टन्सचे दहा रुपये झाले.

रेझिस्टन्सच्या पट्ट्या ट्यूबलाइटखाली वाचण्यावर विसंबू नका. १ किलोओमची तिसरी पट्टी लाल आणि १० किलोओमची नारिंगी. पिवळट उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात. खालच्या बाजूला १च्या जागी १०चा एक जरी गेला, तरी सांध्यावर साडेचार व्होल्टच्या पुढे जातं. मीटर ओमवर लावून प्रत्येक रेझिस्टन्स मोजायचा आणि मगच ब्रेडबोर्डमध्ये (डाग न देता वायरी खोचायच्या पट्टीत) खोचायचा.

आता प्रत्यक्ष जोडणी. सगळ्यात आधी ऊनोमध्ये रिकामा प्रोग्राम चढवला. जुना प्रोग्राम राहिला असेल आणि त्यात एखादी पिन आउटपुट म्हणून ५ व्होल्ट देत असेल, तर वायर लावताक्षणी ते ५ व्होल्ट समोर जातात. रिकाम्या प्रोग्रामात सगळ्या पिना इनपुट राहतात. मग दोन्ही बोर्ड बंद करून ग्राउंडला ग्राउंड जोडलं, कारण ग्राउंड एक नसेल तर मोजलेल्या आकड्याला अर्थच नाही. मग ऊनो एकटा चालू करून त्यात खरा प्रोग्राम चढवला आणि डिव्हायडरचा सांधा मोजला. सिरीयलची वायर, म्हणजे आकडे एकामागोमाग एक पाठवणारी, काही बोलत नसते तेव्हा वरच्या व्होल्टेजवरच थांबलेली असते, त्यामुळे साध्या मीटरवरही आकडा स्थिर दिसतो. माझ्या मीटरवर ३.२७ आले. ३.३३ का नाही, म्हणून ऊनोची ५ व्होल्टची पिन मोजली, तर ती यूएसबीवर ४.९१ देत होती. ४.९१चे दोन तृतीयांश ३.२७. हिशेब पैशापर्यंत जुळला आणि मला फार बरं वाटलं.

ऊनो पुन्हा बंद केला, सांध्यावरची वायर रास्पबेरीच्या दहाव्या पिनेला लावली, आणि रास्पबेरी आधी, ऊनो नंतर असे चालू केले. हा क्रम महत्त्वाचा आहे. रास्पबेरी बंद आणि ऊनो चालू असेल, तर सिग्नलच्या पिनेतून उलटी वीज बंद चिपमध्ये शिरते. बंद करताना म्हणून उलटा क्रम: आधी ऊनो, मग रास्पबेरी. आणि दोघांना वेगवेगळे अॅडॉप्टर असतील तर त्यांच्या ५ व्होल्टच्या पिना एकमेकांना कधीच जोडायच्या नाहीत. फक्त ग्राउंड.

रास्पबेरीच्या बाजूला 'रास्पी-कॉन्फिग' या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये सिरीयल पोर्ट चालू करावा लागतो. तिथे दोन प्रश्न येतात. सिरीयलवरून लॉगिन हवं का, याला 'नाही'. सिरीयलचं हार्डवेअर चालू ठेवायचं का, याला 'हो'. पहिल्याला 'हो' म्हटलं तर रास्पबेरी स्वतःचे सुरू होतानाचे निरोप त्याच वायरवर पाठवत बसतो.

उलट दिशेला, म्हणजे रास्पबेरीकडून ऊनोकडे, ३.३ व्होल्ट तसेच चालतात. ऊनोची चिप ५च्या सहा दशांश, म्हणजे ३ व्होल्टच्या वरचं सगळं 'एक' म्हणून वाचते. मार्जिन कमी आहे पण चालतं. दोन्ही दिशांना बोलायचं असेल तर लेव्हल शिफ्टर घ्या, म्हणजे ५ आणि ३.३ व्होल्टचे सिग्नल एकमेकांत बदलून देणारी छोटी पट्टी. तेव्हा ती चाळीस-पन्नास रुपयांना मिळायची. चार वाहिन्यांचा. त्याच्या एचव्हीला ५, एलव्हीला ३.३, मध्ये ग्राउंड. मी तो टेबलावर वापरून पाहिला आणि तिथे तो उत्तम चालला.

आता सोसायटीकडे येते. ९ जूनला मी सेक्रेटरींकडे अर्ज दिला. आमच्या कमिटीची सभा महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. जूनची २ तारखेला होऊन गेली होती, त्यामुळे विषय थेट ७ जुलैला आला. तुम्हाला असं काही करायचं असेल तर सभेच्या आठवडाभर आधी अर्ज पोचेल असं बघा, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-तारखेची पोच घ्या. अर्जाबरोबर मी हाताने काढलेली आकृती जोडली होती: पेटी कुठे बसणार, केबल कुठून येणार, गच्चीवर किती व्होल्ट असणार. त्या शेवटच्या ओळीनेच काम सोपं झालं. "काकू, पाण्याजवळ वीज म्हणजे धोका ना?" या प्रश्नाला गच्चीवर २३० व्होल्ट जाणारच नाहीत, अॅडॉप्टर माझ्या घरात राहील आणि वर फक्त ९ व्होल्ट जातील, हे उत्तर कागदावर आधीच होतं.

मंजुरी अटींवर मिळाली. पंपाचा स्टार्टर आणि मीटरची खोली यांना हात लावायचा नाही. गच्चीच्या कोब्याला भोक पाडायचं नाही. पिण्याच्या पाण्यात काही पडणार नाही अशी बसवणी हवी. खर्च माझा, कमिटीने सांगितलं तर काढून घ्यायचं, आणि परवानगी एक वर्षाची. सगळ्या अटी मला पटल्या. इतिवृत्ताचा उतारा सहीसह हातात यायला आणखी दोन आठवडे गेले. तोंडी होकारावर काम सुरू करा असं एकदोघांनी सुचवलं, पण मी कागदाची वाट पाहिली. वाट पाहणं जड गेलं, कारण बाहेर पाऊस कोसळत होता आणि टाकी रोज वाहत होती.

त्या काळात लांब केबलचा प्रश्न सोडवला. साधा सिरीयल सिग्नल २५ मीटर भरवशाने जात नाही. त्यासाठी आरएस-४८५ हे लांबच्या तारांवर सिग्नल पाठवायचं मानक वापरतात, जे हजार मीटरच्या पुढेही जाऊ शकतं. इथे दुकानात नीट सांगावं लागतं. नुसतं मागितलं तर मॅक्स४८५ चिपचं मॉड्यूल मिळतं, आणि ते ५ व्होल्टचं आहे. गच्चीवर ऊनोशेजारी तेच योग्य. घरात मात्र मॅक्स३४८५ घ्या, जी ३.३ व्होल्टवर चालते. तिला वीज रास्पबेरीच्याच पहिल्या पिनेवरून दिली, की तिच्यातून बाहेर पडणारा सिग्नलही ३.३चाच असतो. चिपवरची अक्षरं डोळ्यांना दिसत नाहीत. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचली आणि मगच पैसे दिले. पहिलं ६०, दुसरं १९० रुपये. मधल्या ए आणि बी या तारांवर ५ व्होल्टची बाजू बोलली तरी चालतं, कारण या मानकात उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट सोसायची सोय असते.

मी निरोप एकाच दिशेचा ठेवला. गच्ची बोलते, घर ऐकतं. वरच्या मॉड्यूलची दिशेची पिन कायम पाठवण्यावर, खालच्याची कायम ऐकण्यावर. रास्पबेरीच्या तीनच पिना वापरल्या: एक नंबर ३.३ व्होल्ट, नऊ नंबर ग्राउंड, दहा नंबरवर सिग्नल. ५ व्होल्टच्या कोपऱ्याकडे जायचं कामच उरलं नाही.

११ ऑगस्टला पावसाने उघडीप दिली आणि इलेक्ट्रिशियन आले. आठशे रुपये मजुरी. नेटवर्कची जाड वेष्टणाची केबल ३० मीटर घेतली होती, २२ रुपये मीटर. विजेच्या वायरींच्या पाइपातून ही केबल नेऊ नका, असं त्यांनी आपणहून सांगितलं आणि वेगळी केसिंग पट्टी मारून दिली. ९ व्होल्टच का, तर केबलच्या तांब्यात थोडं व्होल्टेज गळतं. माझ्या हिशेबाने १०० मिलिअँपिअरला जेमतेम ०.४ व्होल्ट. ५ व्होल्ट पाठवले तर वर ४.६ पोचले असते, ९ पाठवल्यावर फरक पडत नाही, कारण ऊनोवरचा रेग्युलेटर त्यातून ५ व्होल्ट करून घेतो. १२ही चालले असते, पण मग तो रेग्युलेटर उगाच तापतो. सेन्सर पाणी उडालं तरी चालणारा घेतला, जेएसएन-एसआर०४टी, ३८० रुपयांना. त्याला साधारण २५ सेंटिमीटरपेक्षा जवळचं दिसत नाही, म्हणून भरलेल्या टाकीच्या पाण्यापासून तो तेवढा उंच राहील हे आधी पट्टीने मोजून घेतलं. झाकणाला आतून-बाहेरून नट लावून तो घट्ट बसवला.

घरातलं टोक जोडायच्या आधी केबलच्या प्रत्येक तारेचं मोजमाप वहीत लिहिलं. एकाच केबलमध्ये ९ व्होल्ट आणि सिग्नल असल्यामुळे इथे रंगांवर विश्वास ठेवून चालत नाही. नारिंगी जोडी ९ व्होल्ट, तपकिरी ग्राउंड, निळी ए आणि बी. निळ्या जोडीवर ९ येत नाहीत हे बघितलं, मॉड्यूल केबलला लावलं, त्याचा आउटपुट रास्पबेरीला न लावता मोजला. ३.२८. मग प्लग काढून शेवटची वायर दहाव्या पिनेला लावली. संध्याकाळी पडद्यावर १४२ सेंटिमीटर आले, आणि गच्चीवर टेप धरून उभ्या असलेल्या त्या मुलाने फोनवर सांगितलं, "काकू, एकशे त्रेचाळीस." एवढा फरक चालतो.

रास्पबेरी घरात होताच, तो सोडून सगळा खर्च चार हजारांच्या थोडा वर गेला. त्यात मीटर, पेटी, ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथलं घट्ट बूच), अॅडॉप्टर आणि मजुरी सगळं आलं.

गडगडाट सुरू झाला की मी गच्चीवरून येणारी केबल कनेक्टरपासून काढून ठेवते. लांब तारेवर विजेचा झटका आला तर ही साधी मॉड्यूल तग धरणार नाहीत. दोन्ही बाजूंचं ग्राउंड वेगळं ठेवणारं आयसोलेटेड मॉड्यूल मिळतं, ते महाग आहे, पण पुढच्या वळवाच्या पावसाआधी घ्यायचं असं तेव्हा ठरवलं होतं. परवानगीची मुदत जुलै २०२५पर्यंत होती. नूतनीकरणाच्या अर्जात जमिनीतल्या टाकीचा दुसरा सेन्सरही घालायचा, आणि अर्ज त्या खेपेला जूनच्या सभेच्या आधी द्यायचा, असं मी ठरवलं होतं.